होळी ते मृग : वऱ्हाडातल्या बायांचं घर आणि लहान कर्ज

बडनेऱ्याच्या आसपासच्या गावांत घर एका दमात बांधून होत नाही. सासऱ्याच्या वेळची मातीची भिंत मागे उभी असते. तिला लागून दिराच्या लग्नाच्या साली बांधलेली विटांची खोली, सोयाबीनला बरा भाव मिळाला त्या साली ओसरीवर पडलेली टिनं, पोरगी दहावीला गेली तेव्हा घातलेला अर्ध्या खोलीचा कोबा. बाहेरच्या माणसाला हे अर्धवट बांधकाम वाटतं. घरातली बाई मात्र भिंतीवर हात ठेवून सांगू शकते की हा भाग कोणत्या साली, कोणत्या पैशातून झाला आणि ते पैसे फेडायला कापसाचे किती वेचे लागले. पुढच्या पानांचा विषय हे घर आहे. तुकड्यातुकड्यानं, लहान कर्जातून आणि बहुतेकदा बाईच्या नावावरच्या कर्जातून ते सुधारत जातं.

या कर्जाचे आकडे लहान असतात. बचतगटातून दहा-पंधरा हजार, बँकेच्या गटकर्जातून वाट्याला येणारे वीस-पंचवीस हजार, मायक्रोफायनान्स कंपनीकडून तीस-चाळीस हजार. बँकेच्या गृहकर्जाच्या टेबलाशी या बाईचं काम पडत नाही. तिथं पगाराची पावती लागते, अकृषक जागेचा उतारा लागतो, तारण लागतं. दोन-तीन एकर कोरडवाहू वावर, मजुरी आणि चार शेळ्या यांवर चालणाऱ्या घरात यातलं काही नसतं. तिच्याकडे गटातली पत असते : महिन्याच्या महिन्याला भरलेली बचत, आणि ही बाई घेतलेले पैसे परत करते हे सोबतच्या दहा-बारा जणींना असलेलं ठाऊक.

बडनेरा या गोष्टीच्या मध्यावर का आहे, ते आधी सांगायला हवं. मुंबई-नागपूर-हावडा मार्गावरचं हे जंक्शन. अमरावतीचा फाटा इथून फुटतो, नरखेडची लाइन इथून निघते. जुनी वस्ती आणि नवी वस्ती असं हे गाव १९८३ पासून अमरावती महापालिकेत आहे. महापालिकेची हद्द संपली की अंजनगाव बारीसारखी ग्रामपंचायतीची गावं सुरू होतात. हद्दीच्या आत प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागातून स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असे अडीच लाख मिळत आले आहेत. हद्दीबाहेर ग्रामीण योजनेतून सपाट प्रदेशासाठी १ लाख २० हजार. सिमेंटचं पोतं आणि सळई मात्र दोन्हीकडच्या बाया बाजारातून सारख्याच भावानं घेतात, आणि खेड्यातलीला वरून गाडीभाडं पडतं. ही तूट कुठून तरी भरावी लागते. गावाकडच्या बहुतेक घरबांधणीच्या कर्जांचा उगम या तुटीत आहे.

दुसरा उगम जमिनीत आहे. वऱ्हाडची काळी, भारी जमीन कपाशीला जितकी मानवते तितकीच घराला छळते. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर उथळ पायानं उभं केलेलं घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी जाणारी भेग या भागात घराघरांत दिसते. दर उन्हाळ्यात बाई ती भेग माती-शेणानं नाही तर सिमेंटनं बुजवते, आणि पुढच्या उन्हाळ्यात ती त्याच जागी पुन्हा उघडते. यावरचा उपाय गवंड्यांना माहीत आहे. मुरूम लागेपर्यंत पाया खोदायचा, जोत्याच्या आतली काळी माती काढून मुरूम भरायचा, जोत्यावर चारी बाजूंनी बीम फिरवायचा, आणि भिंतीच्या बाहेर फूट-दोन फूट पक्का उतार करून पावसाचं पाणी पायापासून लांब काढून द्यायचं. काळ्या मातीतच उभ्या राहणाऱ्या, तळाशी फुगीर खांबांच्या पायाची पद्धत रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं विकसित केली, तिलाही आता अनेक दशकं झाली. अडचण पैशाची आहे. जमिनीखाली गेलेला पैसा कोणाला दिसत नाही. लहान कर्ज हाती आलं की ते दिसणाऱ्या गोष्टीत घालावंसं वाटतं : दर्शनी भिंतीला टाइल, दाराला रंग, ओसरीला ग्रिल. हे समजण्यासारखं आहे. इतकी वर्षं मातीच्या घरात काढलेल्या बाईला आलेल्या-गेलेल्यानं घर पाहून चांगलं म्हणावं असं वाटणारच. तरी मी ज्या गटांशी बोलतो तिथं एकच आग्रह धरत आलो आहे. पहिलं कर्ज जोत्याला, दुसरं छपराला, आणि मग बाकीचं.

पाण्याचं आणखी वेगळं दुखणं आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या जिल्ह्यांत सुमारे ४,७०० चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा पसरला आहे. भातकुली, दर्यापूर, मूर्तिजापूरकडच्या गावांत विहिरीला पाणी लागतं आणि ते खारट असतं. तेच पाणी काँक्रीटमध्ये कालवलं तर आतली सळई गंजते, फुगते आणि काही वर्षांत स्लॅबचे पोपडे सुटू लागतात. भिंतींना खालून पांढरा खार चढतो. या गावांत घर बांधायचं म्हणजे गोड्या पाण्याचा टँकर आणावा लागतो, आणि भिंतीही त्याच गोड्या पाण्यानं भिजवाव्या लागतात. अंदाजपत्रकात हा खर्च कोणी धरत नाही. धरला नाही की भिंतींना पाणी मारणं कमी होतं, आणि कर्ज फिटायच्या आत भिंत भुसभुशीत होते.

उन्हाबद्दल थोडक्यात. मे महिन्यात अकोला-अमरावतीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि टिनाखालच्या खोलीत दुपारी बसवत नाही. कवेलूचं किंवा धाब्याचं घर थंड असतं, पण ते फेरायला, शाकारायला माणसं मिळत नाहीत, म्हणून टिनं आली. अहमदाबादच्या महिला हाउसिंग ट्रस्टनं वस्त्यांमधली छपरं पांढऱ्या, ऊन परतवणाऱ्या रंगानं रंगवून खोल्या थंड ठेवण्याचं काम केलं आहे. आपल्याकडे टिनाखाली तुराट्यांचा थर बांधण्याची जुनी रीत आहे. तिला खर्च फारसा येत नाही.

आता ज्या शब्दानं या सगळ्या विषयाचं वर्षानुवर्षं नुकसान केलं, त्याकडे येतो. घरासाठी घेतलेलं कर्ज "अनुत्पादक" समजलं जातं. म्हैस घेतली तर उत्पादक, शिवणयंत्र घेतलं तर उत्पादक, छप्पर घातलं तर अनुत्पादक. गटाच्या कर्जमागणी अर्जावर म्हणून बाया "शेळीपालन" लिहितात आणि टिनं आणतात. हे सगळ्यांना माहीत असतं, अर्ज भरून घेणाऱ्यालाही.

वऱ्हाडातल्या शेतकरी बाईचं घर काय काम करतं ते पाहा. दिवाळीनंतर वेचा सुरू झाला की कापूस घरात येतो. भाव चढेल या आशेनं तो महिना-दोन महिने, कधी चार महिने घरातच साठवला जातो. एक खोली छतापर्यंत कापसानं भरते, आणि उरलेल्या जागेत माणसं अंग खाजवत झोपतात. अवकाळी पाऊस आला, छप्पर गळलं, तर तो कापूस भिजतो, पिवळा पडतो आणि व्यापारी म्हणेल त्या भावानं जातो. ज्याच्या घरात कोरडी जागा नाही त्याला पहिल्याच आठवड्यात माल काढावा लागतो. सोयाबीनच्या पोत्यांचंही तसंच, जमिनीला ओल असली की खालचा थर बुरशी धरतो. शिवणयंत्र असलं तरी खिडकी नसलेल्या खोलीत ते दुपारीसुद्धा चालवता येत नाही. गटातून पापड, शेवया, कुरडया करून विकणाऱ्या बाईला वाळवण पसरायला स्वच्छ गच्ची किंवा अंगण लागतं. शेळ्यांना आडोसा नसेल तर त्या माणसांसोबत घरात बांधल्या जातात. पुरुष कामाला वावरात, बाजारात, शहरात जातो. बाई वावरात जाते आणि परत येऊन घरातही कमावते. तिचं गोदाम, कारखाना आणि गोठा एकाच छपराखाली आहे. त्या छपरासाठीचं कर्ज उत्पन्नाचं नाही असं म्हणणाऱ्यानं तिचं काम कधी मोजलेलंच नाही.

हा वाद फक्त आपल्याकडचा नाही. बांगलादेशात ग्रामीण बँकेनं १९८४ साली घरासाठी कर्ज देणं सुरू केलं तेव्हा तिलाही हेच ऐकावं लागलं होतं. बँकेनं चार काँक्रीटचे खांब, टिनाचं छप्पर आणि संडासाचं भांडं अशी ठरावीक, साधी रचना दिली. भिंती ज्यानं त्यानं आपल्या ऐपतीप्रमाणे बांबूच्या, तागाच्या काड्यांच्या करायच्या. पुरात भिंती गेल्या तरी खांब आणि छप्पर टिकावं हा हिशेब होता. १९८९ मध्ये या घरबांधणीला वास्तुकलेसाठीचा आगाखान पुरस्कार मिळाला. मला त्यातली सर्वांत मोलाची वाटते ती कर्जाची अट : घराखालची जमीन बाईच्या नावावर हवी.

भारतात रिझर्व्ह बँकेनं २०११ मध्ये मायक्रोफायनान्स कंपन्यांसाठी स्वतंत्र नियम केले तेव्हा निदान तीन-चतुर्थांश कर्जं उत्पन्नाच्या कामासाठी असावीत अशी अट होती. पुढे ती निम्म्यावर आली. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांत कर्ज कशासाठी, हा प्रश्नच मागे पडला. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेलं विनातारण कर्ज ते सूक्ष्मकर्ज, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. म्हणजे कागदावर तरी बाईला आता अर्जात शेळी लिहून टिनं आणायची गरज उरलेली नाही. गटांच्या वह्यांमध्ये मात्र जुनी सवय अजून आहे, आणि ती मोडायला हवी, कारण खोटं कारण लिहिलं की कर्जाचा हप्ताही त्या खोट्या कारणाप्रमाणे ठरतो.

कोब्याबद्दल एक पुरावा इथं द्यायलाच हवा. मेक्सिकोत "पिसो फिर्मे" नावाच्या सरकारी योजनेत गरिबांच्या घरातल्या मातीच्या जमिनीवर सिमेंट घालून दिलं गेलं. त्याचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. संपूर्ण घराची जमीन सिमेंटची झाली तिथं लहान मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी घटला होता. मुलांच्या आया अधिक समाधानी होत्या, त्यांच्यातली उदासी कमी झाली होती. आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागेल. मातीची जमीन आठवड्याला सारवावी लागते. शेण गोळा करणं, पाणी आणणं, पाठ वाकवून खोल्याच्या खोल्या सारवणं हे काम घरातल्या बाईचं किंवा शाळेतून आलेल्या पोरीचं असतं. कोब्याचा खर्च मांडताना हे वाचलेले तास कोणीतरी मांडावेत अशी माझी फार इच्छा आहे.

पैसे येतात कुठून? बचतगटांवरच्या लिखाणात एक उल्लेख वारंवार भेटतो : १९४७ साली अमरावती जिल्ह्यात काही बायांनी एकत्र येऊन दरमहा चार आण्यांची बचत सुरू केली होती, आणि महाराष्ट्रातल्या बचतगटांची सुरुवात तिथून धरली जाते. त्या बायांची नावं कुठं वाचायला मिळत नाहीत, याची चुटपुट लागते. पुढचा इतिहास नोंदलेला आहे. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं माविम, १९७५ मध्ये स्थापन झालं. नाबार्डनं १९९२ मध्ये पाचशे गट बँकांना जोडण्याचा प्रयोग केला. २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचं पॅकेज आलं, आणि त्यानंतरच्या वर्षांत या भागात गटांचं काम वाढलं. २०११ पासून "उमेद" अभियान आलं. गट, त्यावर ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी बांधणी झाली. गटांच्या बँककर्जावर केंद्राची व्याजसवलत आहे, आणि वेळेवर फेडणाऱ्या गटांचं उरलेलं व्याज राज्यानं सुमतीबाई सुकळीकर योजनेतून उचलायचं ठरवलं.

व्याजाचा हिशेब प्रत्येक बाईला स्वतः करता आला पाहिजे, म्हणून तो इथंच मांडतो. गटात अंतर्गत कर्जाला सहसा महिना दोन टक्के घेतात. वीस हजार घेतले, दर महिन्याला दोन हजार मुद्दल फेडलं, आणि व्याज उरलेल्या रकमेवर लावलं, तर दहा महिन्यांत एकूण व्याज २,२०० रुपये होतं. तेच दोन टक्के पूर्ण वीस हजारांवर दहाही महिने लावले तर ४,००० होतं. दोन्ही जागी तोंडी सांगताना "दोन टक्के" असंच सांगतात. गटाचं व्याज गटातच राहतं आणि शेवटी बायांमध्येच वाटलं जातं, हा फरक वेगळाच. सावकाराचं पाहिलं तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली शेतकऱ्याला विनातारण कर्जाला वर्षाला १२ टक्क्यांची मर्यादा आहे. पण विनापरवाना सावकार महिना पाच टक्के म्हणतो, आणि गावात कायद्याचं पुस्तक त्याच्यासमोर कोणी उघडत नाही.

मायक्रोफायनान्स कंपन्यांबद्दल मी सरसकट वाईट बोलणार नाही. ज्या गावात गट मोडले, बँकेनं दार लावून घेतलं, तिथं त्यांचा माणूस मोटारसायकलवर पोचला. मात्र त्यांचं व्याज वर्षाला शेकडा वीसच्या पुढे असतं, हप्ता आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा असतो, आणि एका बाईवर तीन-तीन कंपन्यांची कर्जं चढतात. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर विदर्भात हे सगळं फुटलं. हातात रोकड उरली नाही, मजुरी थांबली, हप्ते थकले. अमरावतीसह अनेक जिल्ह्यांत बाया मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या, कर्जमाफी होणार अशी आश्वासनं दिली गेली आणि वसुली ठप्प झाली. माफी आली नाही. थकबाकीची नोंद पतमाहिती कंपन्यांकडे राहिली, आणि पुढं कर्ज मागायला गेलेल्या कित्येक बायांना ती नोंद आडवी आली. आश्वासन देणाऱ्यांना त्याची झळ बसली नाही. हा प्रसंग विसरून या विषयावर लिहिणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

याच अमरावती जिल्ह्यात शेणगावला १८७६ साली गाडगेबाबा जन्मले, आणि १९५६ साली वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. कर्ज काढून लग्न करू नका, कर्ज काढून सण करू नका, हे त्यांनी आयुष्यभर कीर्तनांतून सांगितलं. वऱ्हाडातल्या जुन्या बाया कर्जाला भितात, त्यात या शिकवणीचाही वाटा आहे, आणि ती भीती फार शहाणपणाची आहे. मग या मातीत कर्जाची बाजू घेणारं पुस्तक काढायचं का, हा प्रश्न मला टाळता येत नाही. बाबांनी जी कामं लोकांपुढे ठेवली त्यांत भुकेल्याला अन्न आहे, तहानलेल्याला पाणी आहे, आणि बेघराला आसराही आहे. त्यांचा विरोध देखाव्याच्या कर्जाला होता. एका दिवसाच्या मांडवासाठी घेतलेलं कर्ज आणि वीस वर्षं लेकरांच्या डोक्यावर राहणाऱ्या छपराचं कर्ज त्यांनी एका तराजूत घातलं असतं असं मला वाटत नाही. पण घरातही देखावा शिरतो. समोरची कमान, शेजारणीपेक्षा मोठी गच्ची. म्हणून प्रत्येक कर्जाला हा प्रश्न गटानंच विचारावा. बाहेरच्या कोणाला तो अधिकार नाही.

घरकुल मंजूर झालेल्या बाईचं कर्ज सगळ्यांत अवघड वेळी येतं. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये इंदिरा आवासच्या जागी आली. राज्याच्या रमाई, शबरी आणि अलीकडच्या मोदी आवास योजनाही आहेत. केंद्राच्या योजनेत २५ चौरस मीटरचं घर, रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, संडासाचे वेगळे १२ हजार. पैसे हप्त्यांनी येतात आणि महाराष्ट्रात पहिला हप्ता १५ हजारांचा असतो. पुढचा हप्ता जोत्यापर्यंत काम झाल्याचा फोटो चढल्यावर. काळ्या मातीत मुरुमापर्यंत पाया नेऊन जोतं बांधायला १५ हजार पुरत नाहीत. आधीचं मातीचं घर पाडलेलं असतं, माणसं ताडपत्रीखाली आलेली असतात, गवंडी उद्यापासून दुसरीकडे जातो म्हणतो. त्या आठवड्यात जो पैसे देईल त्याच्या अटी बाईला मान्य कराव्या लागतात. नेमकं हे कर्ज गटानं द्यायला हवं, तेही आधी ठरवून. या योजनेत लाभार्थ्याला बँकेकडून ७० हजारांपर्यंत कर्ज मिळवून देण्याची तरतूद आहे. गावात ती फारशी कोणी सांगत नाही.

आणि घर होतं कोणाच्या नावावर? अमरावतीत १९८९ साली शेतकरी महिला आघाडीचं अधिवेशन भरलं, आणि त्या काळात शेतकरी नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा विचार मांडला : नवऱ्यानं आपल्या हातानं जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा. त्यानंतर गावोगाव शेतकऱ्यांनी तसं केलंही. २००३ मध्ये राज्य सरकारनं ग्रामपंचायतीच्या नमुना आठमध्ये घराची नोंद नवरा-बायको दोघांच्या नावानं करावी असा निर्णय काढला, आणि "घर दोघांचं" ही मोहीम त्यातून चालली. अर्ज साधा आहे, खर्च जवळजवळ नाही. तरी कर्ज बाईच्या नावावर, हप्ता बाईच्या नावावर, आणि उतारा सासऱ्याच्या नावावर अशी घरं मला नेहमी भेटतात. नवरा असेपर्यंत ते चालून जातं. महिला किसान अधिकार मंचानं विदर्भ-मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ विधवांचं सर्वेक्षण केलं, त्यात जेमतेम ३५ टक्के बायांच्या नावावर घराचा हक्क झालेला आढळला. ज्या भिंतीचे हप्ते आपण भरले तिथून उठायला सांगितलं जाणं हा या भागातल्या कितीतरी बायांचा अनुभव आहे. त्या बायांच्या डोळ्यांकडे पाहिलेला माणूस "आधी नाव, मग कर्ज" याच्याशिवाय दुसरं काही सांगणार नाही. ई-क्लास म्हणजे सरकारी जमिनीवरच्या वस्त्यांत तर उताराच नसतो. तिथं अतिक्रमण नियमित करून घेण्याचा अर्ज हे घरसुधारणेचं पहिलं काम आहे.

बायांना बांधकामातलं काय कळतं, असं अजूनही म्हटलं जातं. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागात घरदुरुस्तीचा प्रचंड कार्यक्रम झाला. त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं गावोगावच्या बायांना "संवाद सहायक" म्हणून उभं केलं. भिंतीला कोनशिला कुठं घालायची, दगडी भिंतीत आडवे बांध किती अंतरावर हवेत, सिमेंटचं प्रमाण काय, हे त्या बाया गवंड्याला विचारू लागल्या आणि शेजारणीला समजावू लागल्या. पुढं त्याच गावांमध्ये त्यांचे बचतगट उभे राहिले. घराचं ज्ञान आणि पैशाचा व्यवहार या दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या हातात येऊ शकतात, हे आपल्याच राज्यात घडून गेलेलं आहे.

या पुस्तकाची रचना योजनांच्या क्रमानं केलेली नाही, ती शेतीच्या वर्षाप्रमाणे केली आहे. कपाशीचा शेवटचा वेचा संक्रांत-शिमग्याच्या दरम्यान होतो, तूर निघते, आणि होळीनंतर वावरं मोकळी होतात. मृग लागतो ७ जूनला. घराचं जे काही व्हायचं ते या तीन महिन्यांत. म्हणजे पैसे हवेत मार्चच्या सुरुवातीला. बँकेचं गटकर्ज मात्र कधी ऑगस्टमध्ये मंजूर होतं, जेव्हा वाळू भिजलेली असते आणि घर गळतं म्हणून बाई रात्रभर भांडी सरकवत असते. त्या वेळी हाती आलेले पैसे औषधपाण्यात आणि फवारणीत जातात, आणि घर पुढच्या सालावर.

फेडीचंही तेच. जून ते सप्टेंबर हे खेड्यातले सगळ्यांत रिकाम्या हाताचे महिने. घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो. मार्चमध्ये घेतलेल्या कर्जाचा मोठा हप्ता जुलैत मागणं म्हणजे तिला दुसऱ्या कर्जाकडे ढकलणं. दसऱ्यापर्यंत फक्त व्याज, मग सोयाबीन निघाल्यावर एक मोठा हप्ता, आणि कापूस विकल्यावर उरलेलं मुद्दल, अशी आखणी गट स्वतःच्या ठरावानं करू शकतो. गटाचा नियम गटाचा असतो. कंपनीकडून कर्ज घेतलं असेल तरी २०२२ च्या नियमांत हप्त्याची मुदत कर्जदाराच्या सोयीप्रमाणे ठरवण्याचं धोरण प्रत्येक संस्थेनं ठेवावं असं म्हटलं आहे. आठवड्याऐवजी महिन्याचा हप्ता मागण्यात बाईनं संकोच करू नये.

म्हणून माझी विनंती आहे की गटांनी हे पुस्तक संक्रांतीच्या बैठकीत उघडावं. त्या बैठकीत कोणाचं जोतं, कोणाचं छप्पर, कोणाची न्हाणी, हे ठरवून नावं लिहावीत. ज्यांच्या नमुना आठवर नाव नाही त्यांचे अर्ज त्याच आठवड्यात ग्रामपंचायतीत द्यावेत. गटातली जी बाई कर्ज मागायला लाजते, बहुतेक एकटी, विधवा किंवा नवऱ्यानं सोडलेली, तिचं नाव सचिवानं स्वतःहून विचारावं. ठराव जानेवारी संपायच्या आत बँकेत पोचावा आणि गवंड्याला होळीचा शब्द द्यावा, कारण मे महिन्यात गवंडी शोधूनही मिळत नाही.